तुटावी म्हणून बांधलेली दोरी

६ ऑक्टोबर, सोमवार

आज नांगर मी टाकला! धाकट्याने पहिल्यांदाच हात लावू दिला.

टाकला म्हणायचं, पण फेकायचा नसतो. हे मला तोंडपाठ आहे — पण तोंडपाठ असणं वेगळं आणि हलत्या होडीच्या पुढच्या टोकाला गुडघे टेकून अकरा किलो लोखंड हातात धरणं वेगळं. वाव-वाव, म्हणजे दोन हात पसरून मावेल तेवढा, दोर सोडत तो खाली न्यायचा. तळ लागला की दोर सैल पडतो. मग होडीला प्रवाहाबरोबर मागे सरकू द्यायचं आणि सोडत राहायचं. आठ वाव पाणी असेल तर तीस वाव दोर. इथे चिक्कूपणा केला की नांगर तळावर आडवा पडतच नाही, नुसता उड्या मारत येतो मागे. मासे एकीकडे, आपण भलतीकडे!

शेवटी दोरावर तळवा ठेवायचा. थरथर लागली तर घसरतोय. काही लागलं नाही तर धरला.

काही लागलं नाही. तरी मी हात काढला नाही. धाकटा दोनदा म्हणाला, "वहिनी, धरलाय. गळ सोड आता." मला वाटत होतं, मी वरचा हात काढला की खाली धरलेला हातही सुटेल.

कुणाचा, ते लिहायची गरज नाही.

७ ऑक्टोबर

जेवताना आज पुन्हा तेच नाटक.

बाबा म्हणाले, "त्याला सांग, इंजिनचं तेल बघ म्हणावं." धाकटा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेला! मी वळून म्हटलं, "तेल बघ." तो म्हणाला, "सकाळीच बघितलं." मी परत वळून, "सकाळीच बघितलंय म्हणे." तर बाबा म्हणतात, "ऐकू आलं मला. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

या घरात सून म्हणून आले, आता टपालखातं झालेय. हसू येतं आणि मग येत नाही. आठ महिने होत आले, बाप पोटच्या पोराशी एक शब्द थेट बोललेला नाही. सासऱ्यांच्या हट्टाबद्दल लग्नाआधीच कानावर आलं होतं. पण हट्ट एवढा लांब चालतो हे माहीत नव्हतं.

त्या दिवशी धाकट्याने ताप आलाय म्हणून सांगितलं आणि अंथरुणात पडून राहिला. मोठा भाऊ, माझा नवरा, एकटाच होडी घेऊन गेला. तो गेला तशी धाकट्या साहेबांचा ताप उतरला! बस पकडून शहरात गेले, जहाजावरच्या नोकरीची मुलाखत द्यायला. बाबांना सांगून गेला असता तर त्यांनी पाय मोडून ठेवले असते, म्हणून खोटं बोलला. बावीस वर्षांच्या पोराचं खोटं, एवढंच ते.

आणि तिकडे खडकात नांगर अडकला. सुटेना. लाट वाढत होती. त्याने दोर पुढून काढून होडीच्या मागच्या बाजूला बांधला आणि इंजिनचा जोर लावला. मागे बांधायचा नाही असं सगळे सांगतात आणि वेळ आली की सगळेच बांधतात. मागची बाजू दबली. लाट आत आली. होडी भरली.

किनाऱ्यावर जो तो म्हणाला, दुसरा माणूस असता तर दोर कापला असता. बाबाही म्हणाले — एकदाच, धाकट्याकडे बघून. त्यानंतर त्याच्याशी बोललेच नाहीत.

लोकांसमोर मी नवऱ्याला 'हे' म्हणायचे. इथे 'तो' लिहिते. इथे कोण बघतंय?

८ ऑक्टोबर

वारा. होडी बाहेर काढली नाही.

अंगणात कपडे वाळत घातले आणि दोरीवर तळवा ठेवून उभी राहिले. किती वेळ, कळलं नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय बघतेस गं?" मी म्हटलं, "ताण." ती म्हणाली, "कपड्यांच्या दोरीचा? अगं, कुठे जाणारेत ते, परदेशी?"

मी हसले. ती आत गेल्यावर पुन्हा हात ठेवला. थरथरत होती. वारा होता म्हणून, दुसरं काय!

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी उठले तर मागच्या दाराची कडी दोरीने बांधलेली. निळी नायलॉनची दोरी. कडी लावलेली होतीच, तिच्यावरून बांधलेली. वेढे मोजले. नऊ.

बांधल्याचं आठवत नाही. पण या घरात नऊ वेढे घेणारी मी एकटीच.

गाठ सुटेना. नखं दुखली, शेवटी सुरीने कापली. बाबा आतून म्हणाले, "काय कापतेस गं पोरी?" म्हटलं, "काही नाही."

१२ ऑक्टोबर

मासे बरे मिळाले. काहीही बांधलं नाही आज. केससुद्धा मोकळे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लिहूनच टाकते. तोंडाने येत नाही, निदान हाताने तरी.

नांगर बांधायचं काम लग्नापासून माझं. बाबांनीच शिकवलं मला, पहिल्याच वर्षी, ओट्यावर बसवून. खडकाळ जागी नांगर टाकायचा असेल तर दोर वरच्या कडीला पक्का बांधत नाहीत. पक्का बांधायचा तो नांगराच्या बुडाशी, जिथे चार नखं एकत्र येतात. मग दोर दांड्यावरून वर आणायचा आणि कडीला नुसता सुती दोऱ्याने अडकवायचा. तीन वेढे, एक साधी गाठ. का? तर नांगर खडकात अडकला की वरून जोराने ओढायचं. सूत तुटतं. मग ओढ बुडाकडून लागते आणि नांगर मागच्या मागे निघून येतो. सूत तुटलं नाही तर देवसुद्धा काढू शकणार नाही, असं बाबा म्हणायचे. "पोरी, ही एकच गाठ अशी की जी तुटायला हवी. छान बांधलीस तर वाईट बांधलीस!" मला तेव्हा मोठी गंमत वाटली होती.

जानेवारीच्या शेवटी तो होडीत जरा आडवा झाला. डोळा लागला. वाऱ्याचा झोत आला, होडीला हिसका बसला आणि सूत नको तेव्हा तुटलं. नांगर सुटून लोंबकळत राहिला. जाग आली तेव्हा किनारा दिसत नव्हता, आणि इंजिन सुरू होईना. वल्हवत आला. मी दुपारपासून किनाऱ्यावर उभी. माणसं येत होती आणि समजूत घालून जात होती. तो आला तो हसतच! "फुकटात फिरून आलो," म्हणे. त्याच्या हातांची सालं निघाली होती. मी हसले नाही. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी नांगर बांधायला घेतला आणि सुताचं रीळ बाजूला ठेवलं. निळी नायलॉन घेतली. नऊ वेढे. वर दुहेरी गाठ, पायाने ताणून घट्ट केलेली. मनात म्हटलं, आता जा वाहून कसा जातोस ते.

त्याने पाहिलं नाही. माझं काम तो कधीच तपासायचा नाही.

सव्वीस दिवस नांगर वाळूत पडत राहिला, मला वाटलं चाललंय छान. सत्ताविसाव्या दिवशी खडकात पडला.

होडी सापडली तेव्हा मागची बाजू पाण्यात आणि पुढचं टोक वर, असं लोकांनी सांगितलं. दोर ताठ होता. दोर कापून होडी ओढून आणली. नांगर खालीच राहिला. तो स्वतः दोन दिवसांनी सापडला.

धाकट्याचा काही दोष नाही. दोन माणसं असती तरी ती गाठ तुटणार नव्हती. एक माणूस गेला तो दुसऱ्याच्या तापामुळे नाही, माझ्या नऊ वेढ्यांमुळे गेला. आणि मी त्या पोराला रोज तोंड पाडून जेवताना बघते आणि त्याच्या ताटात वाढते.

झालं. सगळं लिहून झालं.

१४ ऑक्टोबर

लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. कुठलं काय!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अक्षर बघ कसं येतंय.

होडीतून बघताना किनाऱ्यावरच्या गिरणीचं धुराडं पाण्याच्या टाकीमागे लपलं की खाली तो खडक. आठ महिने आम्ही तिथे फिरकलो नाही. आजही धुराडं टाकीच्या चांगलं बाहेर असताना नांगर टाकला, वाळूवर. मी टाकला, मी तळवा ठेवला, धरला होता. धाकट्याने आमिष लावलं. दोघं बोलत बसलो. बर्फवाल्याची नक्कल करत होता — प्रत्येक लादीला "हा बघा काचेचा तुकडा" म्हणतो आणि पिशवीत पाणीच जास्त, ते. बऱ्याच दिवसांनी हसत होता, म्हणून मी किनाऱ्याकडे बघितलं नाही.

बघितलं तेव्हा धुराडं अर्धं टाकीमागे.

नांगर घसरत होता. दोरावर हात ठेवला, तर थरथर, थरथर... आणि मग एक झटका, आणि एकदम शांत. धरला. धुराडं पूर्ण दिसेनासं झालं होतं.

एवढा मोठा समुद्र, आणि आमची होडी आपल्या पायांनी चालत तिथेच येऊन थांबली. मी पाण्यात बघितलं नाही. धाकट्याने नांगराचा दोर हातात घेतला. मग म्हणाला, "चल, काढू आणि निघू."

आमचा नांगर निघाला, पण जड. वर आला तर एका नखात दुसराच दोर अडकलेला. शेवाळ आणि बारीक शिंपल्यांनी भरलेला, एका टोकाला सरळ कापलेला. दुसरं टोक खाली गेलेलं. धाकट्याने तो हातात घेतला आणि ओळखला. आमच्याच घरातला दोर, दर दोन वावांवर लाल खूण, ती खूण त्यानेच लहानपणी रंगवलेली.

"दादाचा," म्हणाला.

मग ओढून बघितला. ताठ झाला. पुन्हा ओढला. होडी कलली, दोर हलला नाही.

"अजून धरून बसलाय! वहिनी, असं कसं? सूत पाण्यात महिनाभर टिकत नाही. कुजून तुटतं."

"सोड तो."

"थांब गं, एकदा जोर लावून—"

"सोड म्हणते ना!"

"अगं पण तुटायला हवं होतं ते. आठ महिन्यांत तुटायलाच हवं होतं..."

त्याने दोर काठावरून आत घेतला आणि पाय लावून ओढायला लागला. काठ पाण्याला टेकला. मला दिसलं ते असं — तोच दोर, तोच खडक, त्याच घरातला दुसरा माणूस. मी सुरी घेतली आणि दोर त्याच्या हाताखालून कापला. टोक पाण्यात गेलं. तो मागे पडला, कोपर फुटलं.

त्याला वाटलं मी घाबरले. घाबरलेच होते. पण खोटं कशाला लिहू, होडी उलटेल याला घाबरले त्याहून जास्त, नांगर वर येईल याला घाबरले. वर आला असता तर नऊ वेढे सगळ्यांना दिसले असते.

कापताना दोर माझ्या डाव्या तळव्यात होता. क्षणभरच. त्यात थरथर नव्हती. काहीच नव्हतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर

भांडी घासत होते. धाकटा मागे येऊन उभा राहिला.

"वहिनी, त्या दिवशीचा नांगर तूच बांधला होतास ना?"

"मीच बांधते नेहमी."

"सुतानं?"

"मग कशानं?"

त्याने मान डोलावली. माझ्या शब्दावर त्याने शंकासुद्धा घेतली नाही! मी आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आई गेलेली. त्याच्या शर्टाची बटणं मी लावली आहेत. भाऊजी-बिऊजी कधी म्हटलंच नाही, अरे-तुरेच. त्या पोराला मी पाठमोरी उभी राहून खोटं सांगितलं, हातातलं भांडं न थांबवता.

तो बोटांवर मोजल्यासारखं म्हणाला, "म्हणजे सूत तुटलं असणार. मग नांगर फटीत वेगळाच अडकला असणार. म्हणजे दोर कापायला माणूस हवाच होता. म्हणजे मीच."

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. ते भांडं तीनदा घासलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

त्याने जहाजावरची नोकरी घेतली. त्यांनी पुन्हा बोलावलं होतं, मला सांगितलंच नव्हतं. दोन तारखेला सकाळी सहाची बस. दोन वर्षं. "आणि नंतरही इकडे नाही वहिनी. इथे मला श्वास घेता येत नाही."

मग म्हणाला, "त्यांना सांग."

म्हणजे आता दोन्हीकडून टपाल!

बाबा ओट्यावर गळाचा गुंता सोडवत होते. त्यांना हल्ली माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही, पण गुंता बरोबर सोडवतात. मी सांगितलं. हात थांबले नाहीत. "जाऊ दे म्हणावं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "थंडीचे कपडे घे म्हणावं."

सत्तर पार केलेला म्हातारा. हा पोरगा गेला तर त्यांना मुलगा म्हणून कुणी उरणार नाही. एक पाण्यात, एक पाण्यापलीकडे. आणि दोघांना घालवणारी मी, त्यांना चहा देणार आणि त्यांच्याकडून 'पोरी' म्हणवून घेणार.

दोन तारखेच्या आत सांगायचं. ठरलं.

२३ ऑक्टोबर

म्हटलं, "बाबा, त्या दिवशी नांगर—"

"चहा टाक," म्हणाले.

२४ ऑक्टोबर

म्हटलं, "बाबा, मला नांगराबद्दल एक—"

"चहा टाक."

"आत्ताच झाला की हो!"

"मग अजून एक."

टाकला. काय करणार!

२६ ऑक्टोबर, रविवार

सांगितल्यावर काय होईल याचा विचार करत बसते. घराबाहेर काढतील? काढोत. माहेरी भाऊ आहे, तोंड वाकडं करेल पण खोली देईल. किनाऱ्यावरचे लोक बोलतील? बोलोत, ते मासे मिळाले तरी बोलतात, नाही मिळाले तरी बोलतात.

ती भीती नाहीच. बाबांनी 'पोरी' म्हणणं बंद केलं तर? आणि उद्यापासून ते मधे कुणाला तरी बसवून बोलायला लागले, "तिला सांग" म्हणून? त्याची भीती आहे. आठ महिने त्या पोराने हे कसं सोसलं असेल ते आज कळतंय.

आज आरशासमोर वेणी घालायला घेतली, टोकाशी दोरी गुंडाळताना मधेच भान आलं. सहा वेढे झाले होते. मागे तो उभा आहे असं वाटलं. आरशात नव्हता. असतो तेव्हा आरशात नसतोच, आणि काही बोलतही नाही. नुसता माझ्या हातांकडे बघतो. जिवंतपणी कधी बघितलं नाही त्याने माझ्या गाठींकडे, आता बघतो.

बघ रे, बघ. आता काय उपयोग!

२९ ऑक्टोबर

धाकट्याची पिशवी भरून झाली. लोकरीचं काही नव्हतं त्याच्याकडे, म्हणून त्याच्या दादाचा स्वेटर दिला. नको नको म्हणत होता. मग घेतला आणि कितीतरी वेळ नुसता मांडीवर ठेवून बसला. "मला बसेल का गं तो?" म्हणाला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं.

दुपारी तिघं जेवायला बसलो. चहाची वेळ नव्हती, म्हणून निसटायला जागा नव्हती कुणाला. बाबा म्हणाले, "त्याला मीठ दे." आणि मला काय झालं कोण जाणे, मिठाचं भांडं हातात तसंच धरून मी बोलायला लागले.

"नांगर मी नायलॉननं बांधला होता. सुतानं नाही. नऊ वेढे. जानेवारीत हे वाहून गेले होते ना, त्यानंतर. हे परत वाहून जाऊ नयेत म्हणून. ती गाठ तुटणारच नव्हती. धाकटा बरोबर असता तर तोही गेला असता. याचा काही दोष नाही. माझा आहे."

एका दमात. अगदी असंच. यातला एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं रडेल. रडला नाही. "मी विचारलं होतं तुला," म्हणाला. "त्या दिवशी. इथेच. सुतानं का म्हणून विचारलं होतं."

"हो."

"आठ महिने, वहिनी! मी रोज स्वतःला... आणि तू रोज वाढत होतीस मला. पोटभर जेव म्हणत होतीस!"

त्याचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो हळूहळू बारीक होत गेला. मग तो ताट तसंच ठेवून बाहेर गेला.

बाबांनी मात्र जेवण संपवलं! शेवटच्या घासापर्यंत. हात धुतला. काठी शोधत होते, मी दिली. घेतली. किनाऱ्याकडे गेले आणि उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसले, संध्याकाळपर्यंत. मी खिडकीतून बघत होते. पाण्याकडे पाठ करून बसले होते.

मिठाचं भांडं माझ्या हातातच राहिलं होतं.

१ नोव्हेंबर

घरात तीन माणसं आणि आवाज भांड्यांचा.

धाकटा जाणारच आहे. पिशवी दाराशी ठेवलीय. मी डबा करून देऊ का विचारलं, तर "वाटेत खाईन" म्हणाला. माझ्याकडे बघून नाही.

बाबांनी दिवसभरात मला एकदाही हाक मारली नाही. पोरी नाही, काहीच नाही. पाणी लागलं तेव्हा स्वतः उठले, भिंत धरत गेले. दोनदा माझ्या दारापर्यंत आले आणि वळले.

मागच्या दाराची कडी आज मोकळी होती.

२ नोव्हेंबर, रविवार

धाकटा पिशवी उचलून उंबऱ्यापर्यंत गेला, तर बाबांनी त्याला हाक मारली. त्यालाच — माझ्यामार्फत नाही! तो जागीच थांबला.

"तुझा दोष नव्हता," म्हणाले. "हिचाही नव्हता. तुम्हाला ठाऊक नाही, मी रोज पहाटे उठून नांगराला हात लावून यायचो. त्या दिवसांतही लावला. वरून सूत होतं, आत नायलॉन. अंगठ्याला कळलं. कापायला सुरी काढली होती मी. मग म्हटलं, राहू दे. निदान वाहून तरी जाणार नाही."

परवा मी फक्त नायलॉन सांगितलं होतं. त्याला निळं दिसू नये, म्हणून वरून सूत गुंडाळलं होतं — ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. या वहीलाही नाही.